यात्रेतली नागीण

"आवाज कुठं गेला तिचा?"

नागीण गाडीच्या पहिल्या फेरीतून उतरता उतरता गणेशनं विचारलं. विचारलं कसलं, ओरडलाच. पायऱ्या उतरून खाली येईपर्यंतसुद्धा त्याला धीर निघाला नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून, इस्त्रीचा शर्ट घालून तो दुपारपासून रांगेत पहिला उभा होता, आणि आता तोंड असं करून उतरला होता, जणू सोयरिकीला जाऊन चहा न पिता परत आला.

"अरे, आधी वर चढतानी कशी बोंबलत जाये ती! खड्ड खड्ड खड्ड! पोटात गोळा तिथंच येऊन जाये. अन् आता पाह्य. मुकीवानी चढते. बिनाबँडची वरात वाटून राह्यली मले तं."

"मले तं झकास वाटलं बाप्पा," त्याच्या मागून उतरणारा भाऊसिंग म्हणाला. तो मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. ऊसतोडीवरून परतला की घरी टेकायच्या आधी यात्रेत यायचा. "पह्यलं घरी जाऊन कंबर शेका लागे. आता निरा गादीवर बसल्यासारखं."

"गादीवरच बसाचं असन तं घरी बस ना."

"घरी गादी कुठं हाये?"

रांगेतले लोक हसले. योगिनी नावाची कॉलेजातली मुलगी मोबाइल उंच धरून सगळं टिपत होती. ती म्हणाली, "काका, लाइट मस्त आहेत. पन मले तोंड नाई आवडलं. जुन्या नागिनीकडं पाह्यलं का रात्री सपनात ये. हिच्याकडं पाह्यलं तं हिले बिस्कीट द्यावं वाटते."

सगळ्यांनी वळून गाडीच्या पुढच्या डब्याकडे पाहिलं. तिथं हिरव्याकंच फायबरचा चकचकीत फणा होता, डोळ्यांत निळे दिवे होते, आणि जीभ मात्र खरंच जरा खेळकर बाहेर आली होती.

गाडीवाला हरीओम हँडलजवळ उभा राहून हे सगळं ऐकत होता.  पुढच्या फेरीची माणसं बसवत, एकेकाच्या मांडीवरचा दांडा दाबून, ओढून पाहत तो गाडीच्या कडेनं चालत गेला. त्याचे कान लाल झालेले भागिरथाला लांबूनही दिसले.

भागिरथा अजून बसली नव्हती. तिकिटाच्या खिडकीशेजारी, खांद्याला कापडी पिशवी अडकवून ती उभी होती. वाशिमच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वार्डात ती आया होती. या उन्हाळ्यात निवृत्त होणार होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, कारण गावातल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ तिनंच घातलेली होती. गणेशच्या दोन्ही पोरींनाही.

अनसिंगच्या यात्रेत ही गाडी कधीपासून येत होती ते नेमकं कोणालाच आठवत नसे. लोखंडी खांबांवर चढवलेले रूळ, त्यावर डबे, साखळी गाडीला ओढून उंच नेणार, माथ्यावर सोडून देणार, मग एक धडकी भरवणारा उतार, एक वळण, एक छोटा उंचवटा आणि परत जागेवर. मोठ्या शहरातल्या माणसाला ती खेळणं वाटली असती. पण पंचक्रोशीत तेवढं उंच नेऊन सोडणारं दुसरं काही नव्हतं. पुढच्या डब्यावर पत्र्याचा फणा होता म्हणून तिचं नाव नागीण. आकाशपाळणे बदलले, मौत का कुआँ बंद पडला, नागीण मात्र दर साली यायची. आणि तिच्यावर दर साली बसणारी काही माणसं होती. एरवी ती एकमेकांना फारशी ओळखत नसत. यात्रेत भेटत, एकमेकांसाठी रांगेत जागा धरत, उतरल्यावर रसवंतीवर थांबत आणि पुढच्या यात्रेपर्यंत पांगत.

मग मागे एका यात्रेत तपासणीला इंजिनिअर आला. त्यानं खांबाला स्क्रूड्रायव्हर टोचला आणि लोखंडाचा पापुद्रा निघाला. परवानगी मिळाली नाही. नागीण यायची बंद झाली. गणेशनं तेव्हा मोबाइलवर एक ग्रुप काढला, 'नागीण परिवार, अनसिंग'. त्यात एरवी सकाळचे नमस्कार यायचे, पण मधूनच कोणी लिहायचं, 'भंगारात गेली म्हणे.' मग कोणी लिहायचं, 'कामरगावच्या रस्त्यावर ट्रकवर पाहिली, झाकलेली होती.' एकदा भाऊसिंगनं उसाच्या फडातून नुसताच एक रडका चेहरा पाठवला होता. आणि या महिन्यात गणेशचा आवाज आला होता, धापा टाकत, "येऊन राह्यली! दुरुस्त करून येऊन राह्यली! हरीओमनं सोता सांगतलं!"

तो निरोप भागिरथानं वार्डातच ऐकला होता. एका बाळाचं दुपटं घडी करता करता तिनं तो पुन्हा एकदा लावून ऐकला.

फेरी सुटली. हरीओमनं हँडल ओढलं, गाडी खरंच काही न बोलता वर निघाली. भागिरथा त्याच्याजवळ गेली.

"चांगली केली रे," ती म्हणाली.

"तुमी बसल्या कुठं अजून, मावशी?"

"बसीन ना. आधी पाहून राह्यली."

हरीओमची नजर गाडीवरून हलली नाही. "तुमीच सांगा मावशी. जीव महत्त्वाचा का आवाज? सारे खांब बदलले. चाकं बदलली. हे नायलॉनची चाकं हायेत, ते वाजतच नाई, त्याले मी काय करू? आधी मांडीवर साखळी राहे, आता दांडा बसवला. कोनी म्हनलं का, का दांडा चांगला हाये? जो तो तोंड अन् आवाज, तोंड अन् आवाज." गाडी माथ्यावरून सुटली, किंचाळ्या उठल्या, त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी सैल झालं आणि परत आवळलं. "लोकाइचं जाऊ द्या. माह्या बापानं अजून वर मान करून पाह्यली नाई ती."

"रामकिसनभाऊ आले हायेत?"

"आले ना. थ्या जनरेटरच्या मांगं बसले. तिकडं तोंड करून."

भागिरथानं खांद्यावरची पिशवी सारखी केली. ती ज्याच्यासाठी आली होती तो माणूस आहे, एवढंच तिला कळायला हवं होतं.

गोविंदा गेला त्या वर्षीची गोष्ट. तिचा नवरा अनसिंग-वाशिम जीप चालवायचा. डोळे पिवळे झाले तेव्हा त्यानं हसण्यावारी नेलं, कोणाकोणाचा झाडपाला घेत राहिला, आणि ती ज्या दवाखान्यात कामाला होती तिथं त्याला आणलं तोवर फार उशीर झाला होता. त्या दिवसापासून तिला रडायला जागाच मिळाली नाही. घरात सासू, कस्तुराबाई, अंथरुणाला लागलेली. पोरगी स्नेहा एवढीशी. दवाखान्यात काम करून नवऱ्याला वाचवता आलं नाही, असं आल्यागेल्यानं बोललेलं. ती फक्त कामं करत राहिली. जेवण जात नव्हतं, तरी भाकरी थापत राहिली.

मग यात्रा आली. स्नेहा नागिणीसाठी रडून हैराण झाली. शेवटी कस्तुराबाईच आतून म्हणाली, "घेऊन जाय व तिले. लोकं काय बोलाचं ते बोलतीन. पोट्टीचा बाप गेला, यात्रा तं नाई गेली."

एवढ्या लहान पोरीला एकटं बसवत नव्हते, म्हणून भागिरथा बसली. एका हातानं तिनं पोरीला कवटाळलं, दुसऱ्या हातानं समोरची दांडी धरली. गाडी माथ्यावर गेली, सुटली, आणि भागिरथाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनं स्वतः कधी ऐकला नव्हता. तो थांबेना. सगळेच ओरडत होते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. स्नेहाला वाटलं आईला मजा येतेय, तीही हात उडवत ओरडायला लागली. गाडी थांबली. माणसं उतरली. भागिरथाला उठता येईना. मांडीवरची साखळी काढायला गाडीवाला आला, रामकिसन, तेव्हा पूर्ण काळ्या केसांचा. त्यानं साखळी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि साखळी परत अडकवली.

"बसून राहा बाई," तो म्हणाला. "अजून एक चक्कर."

त्यानं तिकीट मागितलं नाही. काही विचारलं नाही. एक फेरी झाली, मग आणखी एक. त्यानंतर ती आपणच उठली. घरी येऊन तिनं भाकरी खाल्ली, आणि ती भाकरी तिला लागली.

पुढच्या वर्षी ती आली, त्याच्या पुढच्याही. स्नेहा मोठी झाली, अकोल्याला लॅबमध्ये नोकरीला लागली, तिकडेच संसार मांडला. भागिरथा एकटी येत राहिली. रामकिसनशी मात्र ती कधी बोलली नाही. गर्दी असायची, तो हँडलवर असायचा. पुढच्या वर्षी बोलू, असं म्हणता म्हणता गाडीच यायची बंद झाली. आता निवृत्तीचा निरोप समारंभ ठरत होता, सिस्टर लोक विचारत होत्या, मावशी, कोणाकोणाला बोलवायचं, आणि ती नातेवाइकांची नावं सांगताना तिच्या मनात सारखा एकच माणूस येत होता, ज्याला तिचं नावही माहीत नव्हतं.

जनरेटरच्या मागे बाभळीची विरळ सावली होती. प्लास्टिकच्या खुर्चीत रामकिसन बसला होता. वाळला होता. पांढरी दाढी, धोतर, हातात विझलेली बिडी. समोर हरभरा काढून मोकळं झालेलं वावर, आणि तो त्याच्याकडे पाहत होता.

"रामराम, भाऊ."

त्यानं वळून पाहिलं. "रामराम. तिकीट तिकडं भेटते."

"तिकिटासाठी नाई आली. तुमच्यासाठी आली." बोलायचं सगळं तिनं वाशिमहून येताना जीपमध्ये मनाशी जुळवून आणलं होतं, ते बाजूला राहिलं. तिनं पिशवीतून सत्काराला देतात तसा नवा दुपट्टा काढला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

म्हातारा बुजला. "मले? मले कायले?"

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. पोरगी, साखळी, अजून एक चक्कर. "तुमच्यानं मी त्या दिवशी घरी गेली भाऊ. नाई तं कुठं गेली असती, मले माहीत नाई. इतके साल सांगाचं राहून गेलं."

 रामकिसननं बिडी खाली टाकली.

"खोटं नाई बोलत बाई," तो म्हणाला. "मले तुमची याद नाई."

"नाई?"

"नाई. असे लय जनं रडत उतरत. कोनाची माय गेलेली, कोनाचं लगन मोडलेलं. सांगे कोनीच नाई. पन गाडीतून पाय खाली टाकतानी मानूस समजते. पाय जमीन चाचपते त्याचा. मंग मी म्हनो, बसून राय. कायले उतरवाव त्याले? बाहीर यात्रा. सारे हासून राह्यले. त्यापरीस गाडीत बरं."

भागिरथाला एक क्षण ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं जी गोष्ट तिनं आपली एकटीची म्हणून जपली होती, ती किती जणांची होती! तिनं गाडीकडे पाहिलं. खाली रसवंतीजवळ गणेश हातवारे करून अजून वाद घालत होता. तो दर वर्षी शेवटच्याच डब्यात बसायचा. का, ते तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं. भाऊसिंग तांड्यावर जायच्या आधी इथं का येतो, तेही नाही. ओशाळलेपण ओसरलं. त्याच्या जागी काहीतरी ऊबदार आलं.

"याद नसू द्या," ती म्हणाली. "मले हाये ना."

"बसा," म्हणून त्यानं खुर्ची रिकामी केली आणि स्वतः जनरेटरच्या चौथऱ्यावर टेकला. दुपट्टा त्यानं खांद्यावरून काढला नाही. बोटांत धरून त्याची किनार पाहत राहिला.

"तुमच्या हरीओमनं चांगली दुरुस्त केली गाडी," ती म्हणाली.

"ते माही गाडी नाई."

"काहून?"

"माही गाडी सडेल होती." त्याचा आवाज एकाएकी चढला. "जल्मभर रंगवली मी तिले. दर साली खरडून, धुऊन, रंग मारला. अन् थ्या साहेबानं टोचलं तं बोटभर आत गेलं. हऱ्या साऱ्यासमोर म्हने, साहेब बरोबर बोलून राह्यले. मले वाटलं, पोट्ट्यानं माही इज्जत काढली. घरी येऊन दोन घास नाई खाल्ले. मंग रातच्यानं पडल्या पडल्या दुसरंच मनात आलं." तो थांबला. "बाई, म्हंजे मी इतके साल लोकाइले मरनावर बसवून फिरवत होतो काय? तुमच्यावानी बाया, लेकरं. आता थे नवे खांब पाह्यले का मले जुने दिसते. म्हनून मी तिकडं पाहतच नाई."

भागिरथानं आयुष्यात पुष्कळांची समजूत घातली होती. बाळंतिणींची, त्यांच्या सासवांची, दारात चकरा मारणाऱ्या बापांची. इथं तिनं समजूत घातली नाही. जे खरं होतं तेवढंच तिनं सांगितलं.

"मी उतरली ना खाली, भाऊ. दर साली उतरली. माही पोट्टी उतरली. तिले आता पोरगा हाये."

"नशिबानं उतरल्या."

"असन नशिबानं. पन उतरलो." ती उठली. "अन् आता पोरानं नशिबावर नाई ठेवलं. चाला. बसू आपन."

"कोन?"

"तुमी अन् मी."

"मी कदी बसलो नाई तिच्यावर."

भागिरथाला खरं वाटेना. "कदीच नाई?"

"मी बसलो तं हँडल कोन धरन?"

"आता पोरगा धरते ना."

म्हातारा हसला नाही, पण उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. जनरेटरला वळसा घालून ते दोघं पुढं आले तेव्हा रसवंतीवरचं बोलणं थांबलं. रामकिसन आता मान वर करून पाहत होता. खांब, रूळ, वळण, एकेक. त्याचे ओठ हलत होते. हरीओमनं हँडलवरून त्यांना पाहिलं आणि तो जागेवरच ताठ झाला.

"दोघाइले बसाचं हाये," भागिरथा म्हणाली.

हरीओमनं पुढचा डबा मोकळा केला. रामकिसन आत बसला, ती शेजारी बसली. हरीओम जवळ आला, वाकला, अडखळला. मग म्हणाला, "बाबा, दुपट्टा काढा लागन. वाऱ्यानं चाकात जाऊ शकते. नियम हाये."

आजूबाजूचे सगळे बापलेकाकडे पाहायला लागले. रामकिसननं दुपट्टा काढला, नीट घडी केली आणि पोराच्या हातात दिला. हरीओमनं तो आपल्या गळ्यात टाकायला घेतला, मग नियम आठवून तिकिटाच्या खिडकीत ठेवून आला. दांडा दोघांच्या मांडीवर दाबला. एकदा ओढून पाहिला. परत एकदा ओढून पाहिला.

"बस झालं," रामकिसन म्हणाला. "बसला पक्का."

मागचे डबे भरायला वेळ लागला नाही. गणेश पळत येऊन शेवटच्या डब्यात चढला. भाऊसिंग आला, योगिनी मोबाइल खिशात कोंबून आली. हँडल ओढलं गेलं.

गाडी चढायला लागली, आणि गणेश म्हणत होता तो आवाज खरंच नव्हता. भागिरथालाही पहिल्यांदा चुकल्याचुकल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या खडखडाटात तिला बाकी काही ऐकूच आलेलं नव्हतं. आता यात्रा ऐकू यायला लागली. फुग्यावर छर्रे मारण्याची फट् फट्, देवळातली घंटा, भोंग्यावर कोणाच्या तरी हरवलेल्या पोराचं नाव, आणि शेजारी म्हाताऱ्याचा श्वास. तिला दांडा मांडीवर घट्ट जाणवत होता. पूर्वी एक हात स्नेहाभोवती आणि एक दांडीवर असायचा. स्नेहा मोठी झाल्यावरही तिचे दोन्ही हात दांडीवरच असायचे. आता तिला कशालाच धरायला लागत नव्हतं.

माथ्यावरून वाशिमचा रस्ता दिसला. पिवळे पडलेले गहू, मधून रस्ता, रस्त्यावर एक जीप.

"बापरे," रामकिसन म्हणाला. "एवढं दिसते इथून?"

आणि गाडी सुटली.

पहिली शिवी म्हाताऱ्यानं दिली. खच्चून, अशी की मागच्या डब्यातल्या बायांनी पदर तोंडाला लावला. भागिरथानं दोन्ही हात वर केले. पोटातून आवाज निघाला, तोच, ओळखीचा. या वर्षी त्यात हसू कधी मिसळलं ते तिचं तिलाच कळलं नाही. वळणावर ते दोघं एकमेकांवर आदळले. उंचवट्यावर म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं. मग वेग मंदावला, गाडी सरकत जागेवर आली आणि धक्का न देता उभी राहिली.

हरीओम आधीच डब्याजवळ होता. त्यानं दांडा उचलला. रामकिसन उठेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं म्हणा नाहीतर कशानं. हरीओम घाबरला. "बाबा? काय होऊन राह्यलं? बाबा?"

"ब्रेक," रामकिसन म्हणाला.

"काय?"

"वळनाच्या पुढं ब्रेक लय लवकर दाबतं तू. जरा दम धर. मानसाचं वरडनं पुरं होऊ दे."

हरीओमनं वळणाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं बाबा."

"बाकी बरी केली."

एवढंच. पण ते ऐकल्यावर हरीओमनं तोंड फिरवलं, आणि मागच्या डब्यांतल्या माणसांचे दांडे उचलायला तो गेला तेव्हा एकदा त्याला दांडाच सापडला नाही.

गणेश खाली उतरून आला. "दादा, गाडी चांगली झाली, मी नाई म्हनत नाई. खरंच आता भेव नाई वाटत. पन आवाज?"

रामकिसननं त्याला आपादमस्तक पाहिलं. "आवाज तुले पाहिजे ना?"

"हो."

"मंग तू बोंबल ना बाप्पा! गाडीनं कायले बोंबलाव?"

रसवंतीपर्यंत हशा गेला. भाऊसिंग तर खाली बसून हसला. गणेशही हसला, आणि मग हसता हसता म्हणाला, "हरीओम, मंग अजून एक तिकीट दे. शेवटचा डबा." योगिनी म्हणाली की तोंडाचं मात्र काहीतरी कराच, दादा. हरीओमनं विचारलं, तुले रंगवता येते काय? ती म्हणाली, येते. मग पुढच्या साली तोंड तूच रंगवजो, असं ठरलं, आणि हा ठराव गणेशनं तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला.

भागिरथाला निघायला हवं होतं. वाशिमहून जीपनं ती मघाशीच परतली होती, घर गावातच होतं, घाई कसलीच नव्हती. तरी कोणीतरी वाट पाहत असल्यासारखी ती दर वर्षी लगबगीनं निघायची. रामकिसन तिकिटाच्या खिडकीशेजारच्या बाकावर बसला होता. दुपट्टा परत खांद्यावर आला होता.

"निवृत्तीचा कार्यक्रम हाये माहा," ती म्हणाली. "तुमी या. हरीओमले घेऊन या."

"येतो." त्यानं बाकावर जागा केली. "बसा ना जरा."

ती बसली. पुढची फेरी भरत होती. हरीओम कडेनं चालत दांडे दाबत होता, ओढून पाहत होता.

"एक विचारू काय, बाई?" रामकिसन म्हणाला. "तवा नाई विचारलं. मी कोनालेच नाई विचारलं कदी."

"विचारा."

"कोन गेलं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. गावाला माहीतच होतं, आणि बाहेरच्यांना विचारायचं कारण नव्हतं. स्नेहाला बाप आठवत नव्हता, म्हणून ती विचारत नसे, आणि भागिरथाही आपण होऊन सांगत नसे.

"माहा मालक," ती म्हणाली. "गोविंदा नाव. जीप चालवे."

"कसा होता?"

ती सांगायला लागली. आधी तुटक, मग आपोआप. पुढची सीट तो कधी पुरुषांना देत नसे, लेकुरवाळ्या बाईसाठी राखून ठेवे, आणि त्यावरून लोकांशी भांडे. गाणं त्याला अजिबात येत नसे आणि तो पूर्ण रस्ताभर गाई. पेरूचे दिवस आले की रोज पेरू आणी, घरात कोणी खात नाही म्हटलं तरी आणी. तिची रात्रपाळी असली की सकाळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर जीप लावून, रिकामी, एकही पॅसेंजर न घेता थांबे.

गाडी वर चढत होती. माथ्यावर पोचली, सुटली, आणि डोक्यावरून सगळ्यांच्या किंचाळ्या एकदम गेल्या. काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. भागिरथा बोलायची थांबली. रामकिसनही थांबला, मान तिच्याकडे कलती ठेवून. गाडी वळणापलीकडे गेली. या वेळी हरीओमनं ब्रेक जरा उशिरा दाबला, आणि माणसं शेवटपर्यंत ओरडली.

"हं," रामकिसन म्हणाला. "मंग?"

ती पुढं सांगायला लागली. फेऱ्या होत राहिल्या. दर वेळी गाडी डोक्यावर आली की ती थांबायची, गाडी गेली की म्हातारा हुंकार द्यायचा, आणि गोविंदा जिथं राहिला होता तिथून ती त्याला परत पुढं घेऊन जायची.